नत्थूजींनी घर कुणाला दिलं?

समस्त नागपूरकरांस, आणि त्यातही ज्यांच्या अंगावर या क्षणी एखादं कापड आहे अशा सर्व स्त्री-पुरुषांस, कळवण्यास अत्यंत दुःख होतं की यापुढे आपण आपले सदरे, साड्या, कोट आणि पडदे यांच्याबद्दल खुशाल खोटं बोलावं. आपल्याला पकडणारा माणूस गेला. श्री. नत्थूजी भिसीकर, गांधीबागेतल्या एका ठोक कापड दुकानात जन्मभर ठाणं उलगडणारे आणि आमच्या गल्लीत माझ्या दारासमोर राहणारे, गेल्या उन्हाळ्यात वारले. सर्वांनी नोंद घ्यावी. जमल्यास आपापली बाही एकदा स्वतःच चाचपून पाहावी.

नत्थूजींची रामराम करण्याची पद्धत अशी होती: तुम्ही हात जोडायचे आणि त्यांनी त्या जोडलेल्या हाताच्या बाहीचं टोक अंगठा आणि बोटात धरायचं. दोनदा चोळायचं. मान तिरपी करायची. मग निकाल.

"सुती म्हणून देल्लं न तुले? अर्धं पॉलिस्टर हाये बे हे. पैल्या धुण्यात गोळे येतीन."

पहिल्या धुण्यात गोळे यायचेच. डॉक्टर असो, पोस्टमन असो, मंगळसूत्र चोरीला गेलं म्हणून पंचनामा करायला आलेला हवालदार असो, नत्थूजी आधी बाही धरत. हवालदार दचकला होता. त्याला वाटलं, म्हातारा आपल्यालाच अटक करतो की काय. "सरकार बरं कापड देऊन राहिलं आता," असं म्हणून त्यांनी त्याला सोडून दिलं.

माझ्या लग्नात माझे सासरे, पुण्याकडचे, मोजकं बोलणारे गृहस्थ, नवाकोरा कोट घालून मांडवाच्या तोंडाशी उभे होते. नत्थूजींनी आहेराचं पाकीट देण्याआधी कोटाची कड धरली आणि अर्ध्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात अभिनंदन केलं, "पाहुणे, कापड एक नंबर हाये. फक्त टेलरनं उलटं शिवलं." सासऱ्यांनी कन्यादानापर्यंतचे सगळे विधी कोटावर उपरणं ओढून पार पाडले. त्यानंतर कितीतरी वर्षं नागपूरला यायचं ठरलं की ते फोनवर आधी चौकशी करत, "ते समोरचे गृहस्थ गावात आहेत का?"

त्यांची विद्या एकच. काठ पाहणं. ठोक बाजारात ठाणावर दुकानदार आपलं लेबल चिकटवतो. सोनेरी, झगमगीत, एखाद्या राजाचं नाव असलेलं. पण ठाणाच्या अगदी कडेला, जिथं कापड संपतं तिथं, ते विणणाऱ्या गिरणीचं नाव बारीक अक्षरात छापलेलं असतं. नवं गिऱ्हाईक लेबल वाचायला लागलं की नत्थूजी लेबलवर हात ठेवत आणि काठ त्याच्या डोळ्यांसमोर धरत. "वरतं दुकानदाराचं नाव हाये. काठावर कापडाचं नाव हाये. तुमाले काय घालाचं हाये अंगात, दुकान का कापड?"

ते दिवसभर बसून धंदा करत. फक्त एकाच गिऱ्हाइकासाठी उठत. दुकान ठोकाचं होतं, पण ओळखीपाळखीचे लोक मयतीचं कापड घ्यायलाही तिथं यायचे. असा माणूस पायरी चढला की त्यानं तोंड उघडण्याआधीच नत्थूजी उभे राहत. पांढरं ठाण काढत, कात्रीला हात न लावता हातानंच फाडत, घडी करून देत आणि त्याला पायरीपर्यंत सोडायला जात. एक अक्षर बोलत नसत. बाहीसुद्धा धरत नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बसून कापलं तं धंदा केल्यावानी वाटते गा."

घरी मात्र बोलणं कमी. संध्याकाळी ते दुकानातून कतरणांची, म्हणजे उरलेल्या कापडाच्या तुकड्यांची, पिशवी आणायचे. नत्थूजींच्या पत्नी सुनंदाबाई, आमच्या काकू, त्यांच्या गोधड्या शिवायच्या. ओसरीवर दोघं समोरासमोर बसलेले मी तीस वर्षं पाहिले. ते रंग निवडून द्यायचे, त्या टाके घालायच्या. काकूंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून सुईत दोरा ओवण्याचं काम नत्थूजींकडे आलं. पाच-सहा सुया ओवून ते ओळीनं उशीला टोचून ठेवत, म्हणजे ते दुकानात गेल्यावर दिवसभर काकूंचं अडू नये. गल्लीतल्या प्रत्येक बाळाची पहिली गोधडी त्या घरातून गेली. आमच्या घरात दोन आहेत.

आता त्या घराविषयी. खाली दोन खोल्या, वर दोन, मागं एक नळ आणि एक पेरूचं झाड. नत्थूजींनी ते वीट वीट करून बांधलं होतं. मोठा मुलगा विजय पुण्यात, धाकटा संजय इथंच नागपुरात, मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये. दोघंही गुणी. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे घडलं त्यात खलनायक शोधायची तुम्हाला सवय असेल तर ती सोडा.

गोष्ट सुरू झाली ती मैनाबाईंपासून. दुकानात नत्थूजींच्या शेजारी बसणारे लक्ष्मणजी वारले. तेरवीच्या दिवशी पंगत उठली, पत्रावळी उचलल्या, आणि त्याच सतरंजीवर मुलांनी त्यांच्या बायकोपुढं, मैनाबाईंपुढं, हक्कसोडीचा कागद ठेवला. "आई, फक्त इथं सही. पुढं तुलेच दगदग नको." मैनाबाईंनी सही केली. घर विकलं गेलं. तीन मुलांकडे चार-चार महिने अशी व्यवस्था ठरली, आणि ती मुलांनी चोख पाळली. एका घरातून दुसऱ्या घरी जाताना बाई रेक्झिनची बॅग घेऊन गांधीबागेतून जायची, दुकानाच्या पायरीवर टेकायची, पाणी प्यायची.

एक दिवस नत्थूजींनी विचारलं, "आज कोणाकडं, वहिनी?"

मैनाबाई म्हणाल्या, "तारीख कोणती हाये आज? तारीख सांगा, मंग समजते."

त्या दिवशी नत्थूजी दुपारीच घरी आले. मी दारात उभा होतो, अंगात नवा सदरा होता, मुद्दाम त्यांना दाखवायला म्हणून घातलेला. ते माझ्यासमोरून गेले आणि त्यांनी माझी बाही धरली नाही. मी आत जाऊन बायकोला सांगितलं, "नत्थूजींची तब्येत बरी नाही."

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला रिक्षात घातलं आणि एका तरुण वकिलाच्या खोलीत नेलं. मृत्युपत्राला साक्षीदार दोन लागतात. वकिलानं कोट घातला होता, मे महिना होता, आणि नत्थूजींनी कोटाची बाही धरून सांगितलं, "वकीलसाहेब, हा कोट तुमाले मारंल. माह्याआधी मारंल." मग खिशातून चौघडी केलेला कागद काढला. घरी बसून स्वतःच्या हातानं लिहिलेला. वकील म्हणाला, "काका, वाचून पाहतो, काही चुकलं असेल तर..."

"माह्या बायकोले देऊन राहिलो, त्यात काय चुकते?" असं म्हणत नत्थूजींनी खिशातला रुमाल काढला, कागदावर पसरला आणि फक्त खालची दोन बोटं जागा उघडी ठेवली. "तुमी माही सही पाहा. लेखी बाब माही हाये."

त्यांनी सही केली, आम्ही दोघांनी केली, रुमालासकट कागद लिफाफ्यात गेला आणि लिफाफा वकिलाच्या कपाटात. माझ्या आयुष्यात मी एकाच कागदावर न वाचता सही केली आणि त्याची शिक्षा मला पुढं यथासांग मिळाली.

परत येताना रिक्षात ते म्हणाले, "पोरं वाईट नाई गा. चांगले हायेत, म्हणूनच भेव वाटते. वाईट पोराले माय नाई म्हणू शकते. चांगल्या पोरानं 'आई, इथं सही' म्हटलं का ते करते. सकाळी डोळे उघडले का आपण कोणत्या घरात हावो, हे तिले कोणाले विचारा लागू नये. बस."

इस्त्रीवाला डोळे पुसायला लागला. नत्थूजींनी त्याची बाही धरली आणि म्हणाले, "स्वतःचाच सदरा इस्त्री करत जाय ना बे कधी."

त्यानंतर ते दोन वर्षं जगले. गेले ते एका दुपारी, कतरणांची पिशवी मांडीवर असताना. काकू आत चहा ठेवत होत्या. चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा हिरव्या रंगाचा एक तुकडा नत्थूजींच्या हातात होता आणि ते नव्हते.

काकू फार रडल्या नाहीत. पाचव्या दिवशी माझी बायको त्यांच्याकडे बसायला गेली, तर काकू ओसरीवर अर्धी गोधडी मांडीवर घेऊन बसलेल्या. उशीला टोचलेल्या सुयांमधली शेवटची सुई संपली होती. माझी बायको म्हणाली, "द्या, मी ओवते." काकूंनी सुई दिली नाही. "राहू दे," म्हणाल्या, आणि रिकामी सुई तशीच उशीला टोचून ठेवली. 

तेरवी झाली. मुलांनी सगळं नीट केलं. विजयची सुट्टी संपत आली होती. संजयच्या बॅगेत एक कागद होता, हे मला माहीत होतं, कारण त्यानंच मला विचारलं होतं, "काकाजी, आईनं इथं सही करावी का इथं?" बेत वाईट नव्हता. आई एकटी कशी राहणार? सहा महिने पुणे, सहा महिने मनीषनगर. घराला गिऱ्हाईकही होतं. मी गुपचूप वकिलाला फोन केला.

दुसऱ्या दिवशी वकील आला. मे महिनाच होता, पण कोट नव्हता. समोरच्या खोलीत दोघं मुलं, दोघी सुना, मी आणि इस्त्रीवाला. काकू स्वयंपाकघरात पोहे करत होत्या. मृत्युपत्र हा शब्द ऐकून त्या मुद्दाम आत गेल्या होत्या. वकिलानं रुमाल बाजूला केला आणि वाचलं:

"माझे राहते घर, बँकेतली ठेव, भांडीकुंडी आणि माझ्या नावाने जे जे असेल ते सर्व भागरथा, मूळ राहणार भिवापूर, हिच्या नावाने करावे. तिने माझा संसार केला. मुलांनी तिला अडवू नये. नत्थू भिसीकर."



"कोण?" विजय म्हणाला.

"भागरथा," वकील म्हणाला. "भिवापूर."

"आईचं नाव?"

वकिलानं कागद उलटून पाहिला. मागं काही नव्हतं. "सुनंदाबाईंचं नाव यात कुठंच नाही."

मग मोठ्या सुनेनं हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, सासऱ्यांचं चरित्र उलगडलं. "बाबा दरवर्षी तिखटासाठी मिरची आणायले स्वतः भिवापूरले जात. कोणाले संग नाही नेत. मी म्हणो, मिरची तं इथंबी भेटते."

"तू गप्प बस वं!" विजय ओरडला, पण त्याचाही चेहरा मिरचीसारखा झाला होता. मग तो माझ्याकडे वळला. "काकाजी, तुमी साक्षीदार हा न? कोण हाये हे बाई?"

"मी वाचलं नव्हतं," मी म्हणालो. "रुमाल होता."

"रुमाल होता?"

"हो जी," इस्त्रीवाला म्हणाला, "रुमाल था."

सांगतो, पन्नाशीच्या माणसाला इतकं लाज वाटण्यासारखं फार थोडं उरतं. ज्यांच्या एका शब्दावर मी आयुष्यभर कापड घेतलं, त्या माणसाचा असा काठ असेल? क्षणभर, अगदी क्षणभर, मलाही भिवापूरची एक बाई दिसली. मिरच्या वाळवत बसलेली. नत्थूजी, माफ करा.

संजय उठला. आईला सांगणं भाग होतं. तो स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि मान खाली घालून म्हणाला, "आई, बाबानं सगळं दुसऱ्या बाईच्या नावानं केलं."

झाऱ्याचा आवाज थांबला.

"कोणाच्या?"

"भिवापूरची हाये कोणी. भागरथा."

काकू बाहेर आल्या. हाताला हळद होती. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा वाचा जी."

वकिलानं पुन्हा वाचलं. त्या खाली बसल्या. कुणी धरायच्या आधीच बसल्या, जमिनीवर, भिंतीला टेकून.

"थे मीच हावो," त्या म्हणाल्या.

आपल्याकडे लग्नात नवरा तांदळाच्या ताटात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो, लोक टाळ्या वाजवतात, पेढे वाटतात, आणि एक मुलगी त्या ताटातच राहून जाते. भागरथा भिवापूरला जन्मली, तिथं चौथीपर्यंत शिकली. मग तिचे वडील वारले, भावाला कळमेश्वरला कारखान्यात काम लागलं आणि बिऱ्हाड तिकडं गेलं. विजय-संजयचं आजोळ म्हणजे कळमेश्वर. मामा आईला 'बाई' म्हणायचे. आधारकार्डावर सुनंदा, रेशनकार्डावर सुनंदा, मतदार यादीत सुनंदा. मुलांना माहीत नव्हतं याचं तुम्हाला नवल वाटत असेल, तर आज घरी जाऊन स्वतःच्या आईला विचारा.

आणि नत्थूजींची चूक? ती दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं काहीतरी पक्कं लिहायचं होतं. अशा वेळी लेबल कोण लिहील? त्यांनी काठ पाहिला आणि काठावरचं नाव लिहिलं. 'माझी पत्नी' असं दोन शब्दांत लिहिलं असतं तर हा तमाशा झाला नसता. पण ते त्यांना इतकं उघड वाटलं असावं की लिहिण्यात कागद कशाला वाया घालवा.

आता पुढचं सांगून मोकळा होतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. कायद्याचं काही अडलं नाही. दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र झालं. भिवापूरच्या शाळेच्या रजिस्टरमधून दाखला मिळाला, तो आणायला विजय स्वतः गेला, रजा वाढवून. संजयच्या बॅगेतला कागद बॅगेतच राहिला. तो त्यानं फाडला की ठेवला, मी विचारलं नाही. घर काकूंचं झालं. काकू त्याच घरात आहेत, सकाळी उठल्यावर त्यांना कुणाला काही विचारावं लागत नाही. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संजय मुलाबाळांसह त्यांच्या घरी जेवायला येतो, पाहुण्यासारखा, चपला दाराबाहेर काढून.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी, त्या खोलीत, घराचा विचार करणारे आम्ही सगळे होतो. काकू नव्हत्या.

विजय लाजेनं काळा पडला होता. तो आईपुढं बसला आणि म्हणाला, "आई, चुकलं आमचं. घर तुयंच हाये. बाबानं तुलेच देल्लं." काकूंनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी वकिलापुढं हात केला. वकिलानं कागद दिला. त्या चौथी शिकलेल्या, आणि डोळे अधू. कागद नाकाशी धरून त्यांनी ओळीवरून बोट फिरवायला सुरुवात केली. घर ओलांडलं. ठेव ओलांडली. भांडीकुंडी ओलांडली. बोट एका जागी थांबलं आणि तिथं हळदीचा पिवळा डाग पडला.

लग्न झाल्या दिवसापासून नत्थूजींनी त्यांना 'अवं' म्हटलं होतं. सुनंदा म्हणून नाही, आणखी कशानंही नाही. पाणी हवं असलं तरी अवं, ताप आला असला तरी अवं. बाकी जग सुनंदाबाई म्हणायचं, मुलं आई म्हणायची, आम्ही काकू. ते ताटातले तांदूळ विस्कटले तेव्हापासून भागरथा या नावानं कुणी हाक मारणारं एकेक करून संपत गेलं होतं, आणि काकूंनीही, नवरा ते नाव कधीच विसरला असं धरून, सुखानं संसार केला होता.

धाकट्या सुनेनं पाण्याचा पेला पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही. त्यांनी मान वर केली. आमच्यापैकी कुणाकडे नाही, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे. आणि नत्थूजी गेल्यापासून पहिल्यांदा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ती बाई ओरडली:

"माहीत होतं तं मंग एक डाव आवाज काहून नाही देल्ला जी मले?"